आजीला मूर्ती करू नकोस, सिस्टरच राहू दे

वाचकाचं पत्र, थोडं छाटून:

नमस्कार, मागच्या महिन्यात माझी आजी गेली, आईची आई. 82 वर्षांची होती. 36 वर्षं नर्स होती आणि त्यातली अर्धी तरी नाइट ड्युटीत गेली. पुढच्या रविवारी घरचे आणि तिच्याबरोबर काम केलेल्या काही जणी असे जमणार आहोत आणि घरात मीच काय ते लिहीत असते म्हणून दहा मिनिटं बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. चार वेळा लिहिलं, चार वेळा डिलीट केलं. मामाला हवंय सेवा, त्याग, ममतेची मूर्ती वगैरे. त्याला हेही सांगायचंय की शेवटच्या दिवसांत आजी सलाईनकडे एकटक बघत ओठ हलवत होती, म्हणजे देवाचं नाव घेत होती. आणि आई म्हणते, ममतेची मूर्ती हा शब्द आला तर मी उठून जाईन. आईचं म्हणणं, ती अख्ख्या जगाची सिस्टर होती, माझी आई व्हायला तिला टाइमच नव्हता, मला ताप आला की माझा हात धरून बसायची तेव्हापण डोळे घड्याळावर, कधी एकदा ड्युटीवर पळते असं. तुला रिटायर झालेली आजी मिळाली, मला आई नाही मिळाली. हे ऐकून मी गप्पच झाले कारण मला आठवते ती आजी पूर्ण वेळ माझीच होती, माझाही हात धरून ती अशीच बसायची आणि मला ते जगातलं सगळ्यात सेफ वाटायचं. कामाबद्दल मात्र ती कधी बोललीच नाही, विचारलं की विषय बदलायची. कपाटात तिच्या तीन वह्या सापडल्यात, बेड नंबर, पेशंटची नावं, औषधं, मधेच एखादी ओळ. मामेभाऊ म्हणतो फोटो काढून ग्रुपवर टाकू आणि सभेत वाचू. मी काय बोलू, कोणाचं ऐकू? आणि तिचं काम मला माहीतच नसेल तर मी बोलणारी कोण?
एक नात

उत्तर:

अगं नातबाई, तुला माहीत नाही असं तू म्हणतेस आणि तुझ्या पत्रातच आजीच्या कामाच्या दोन अगदी पक्क्या गोष्टी पडल्यात, तुझं लक्षच गेलं नाहीये. त्यावर येतेच, पण आधी मामाचं बघू.

मामा चुकीचा नाहीये, आई गेली की माणसाला मोठे शब्द लागतात, आधाराला लागतात. पण सेवा, त्याग, ममता हे शब्द असे आहेत ना की आजीचं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही नर्सचं टाक, भाषण तसंच्या तसं चालतंय. मी स्वतः हे करून बसलीये म्हणून सांगते. माझी मावशी वॉर्ड सिस्टर होती, ती गेली तेव्हा मी उभी राहून फार सुंदर वगैरे बोलले, ती किती हसतमुख, किती प्रेमळ, आणि बसल्यावर शेजारची एक म्हातारी बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, हसतमुख? अगं तुझ्या मावशीला आम्ही टरकायचो सगळ्या. मग तिने सांगितलं की नवीन पोरी वॉर्डात आल्या की मावशी त्यांना एकेकीला बेडवर सरळ उताणी झोपवायची आणि म्हणायची आता तासभर हलायचं नाही, खाज आली तरी नाही. तासाने उठवून विचारायची, कुठे दुखतंय? टाचा, माकडहाड, खांद्याची हाडं. मग म्हणायची, आता लक्षात ठेवा पेशंटला दर दोन तासांनी कूस का बदलायची ते. ही गोष्ट मला भाषणाच्या आधी माहीत असती तर मी बाकीचं सगळं फाडून टाकलं असतं. माझ्या भाषणात मावशी नव्हतीच, कोणीतरी गोड बाई होती.

आता ते हात धरून बसणं.

तू आणि तुझी आई, दोघी एकच गोष्ट सांगताय, कळतंय का तुला? आजी मनगट धरते आणि नजर घड्याळावर. तुला ते सेफ वाटलं, आईला वाटलं ही निघायच्या घाईत आहे. खरं काय ते असं आहे की नर्सला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, पेशंटचं मनगट धरायचं, अंगठ्याच्या बाजूला दोन-तीन बोटं ठेवायची, स्वतःचा अंगठा लावायचा नाही कारण त्यात आपलेच ठोके लागतात, आणि सेकंद काट्याकडे बघत नाडी मोजायची. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली तरी चालते, ठोके वेडेवाकडे असतील तर पूर्ण मिनिट. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढची गंमत फार लोकांना माहीत नसते. नाडी मोजून झाली तरी चांगली नर्स हात सोडत नाही. बोटं तिथेच ठेवते, पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीये, आणि ती डोळ्याच्या कोपऱ्यातून छाती वरखाली होताना बघत श्वास मोजते. कारण श्वास मोजतायत असं कळलं की माणसाचा श्वास बदलतो, नको म्हटलं तरी बदलतो, तू आत्ता हे वाचताना तुझाही बदलला असेल. मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20, लहान मुलांचे जास्त, आणि तापलेल्या पोराचे अजून जास्त, म्हणून पूर्ण मिनिटभर मोजायचे. म्हणजे आजी घड्याळाकडे बघत होती हे खरंच, पण त्या वेळी ती तुझ्या आईचा श्वास मोजत होती.

हे वाचून तू लगेच आईकडे पळशील, बघ बघ म्हणत. पळू नकोस. कारण दुसरं पण खरं असणार आहे. श्वास मोजून झाल्यावर, पोरगी ठीक आहे असं बघून, आजी खरंच उठून ड्युटीवर गेली असणार. तापात असलेल्या लेकीला सोडून. त्या मुलीला जे वाटलं ते वाटलं, ते आता आपण माहिती देऊन पुसू शकत नाही, आणि पुसायचा अधिकारही नाही तुझा. आईला हे सांग, पण सभेच्या आधी, दोघीच असताना, आणि आजीची वकील होऊन सांगू नकोस. नुसतं सांग की मला असं असं कळलं, आणि मग गप्प बस. ती म्हणेल, मग? शेवटी गेलीच ना कामावर. म्हणू दे. हो म्हण. कदाचित चार दिवसांनी काहीतरी दुसरंच आठवून बोलेल, कदाचित कधीच नाही बोलणार. माझा अंदाज विचारशील तर बोलेल, पण माझे अंदाज घरच्यांबद्दल पण चुकतात.

नाइट ड्युटीचं एक सांगायला हवं कारण ज्याने केली नाही त्याला ते कळत नाही. लोकांना वाटतं रात्री काम केलं, दिवसा झोपली, हिशेब पूर्ण. तसं नसतं, आपल्या शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं आणि दिवसाची झोप तुटक लागते, कमी लागते, रात्रीच्या झोपेची बरोबरी करत नाही. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने झोपेचं चक्र बिघडवणारं रात्रपाळीचं काम बहुधा कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं, 2019 ला परत तपासलं आणि तिथेच ठेवलं. म्हणजे ही काही किरकिर नव्हती. अशी बाई सकाळी घरी येते तेव्हा पोरं शाळेच्या गडबडीत, ती झोपते तेव्हा घरात शू शू आवाज नका करू, आई झोपलीये, आणि संध्याकाळी पोरं मोकळी होतात तर ही परत निघालेली. तुझ्या आईचं बालपण त्या शू शू मध्ये गेलंय. तिला विचार, दुपारी घरात कसं चालायचात तुम्ही. मला वाटतं ती चवड्यांवर चालून दाखवेल. तुझ्या भाषणातली सगळ्यात खरी ओळ तिथे मिळू शकते, आणि ती आईची ओळ असेल म्हणून आईला विचारूनच वापरायची, नाही म्हणाली तर विषय संपला.

आता सलाईन. मामाचं मन मोडायचं नाहीये मला, आणि मी काही तिथे नव्हते, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. देवाचं नाव घेतलंही असेल. पण 36 वर्षं वॉर्डात काढलेली बाई सलाईनच्या त्या छोट्या नळकांड्याकडे एकटक बघत ओठ हलवते म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की ती थेंब मोजत होती. आता बऱ्याच ठिकाणी मशीन असतात पंपाचे, आकडा टाकला की झालं, पण आजीच्या पिढीने सगळं डोळ्यांनी आणि घड्याळाने केलंय. साधारण सेटमध्ये 20 थेंबांचा एक मिली धरला तर 500 मिलीची बाटली 4 तासांत जायची असेल तर मिनिटाला 42 च्या आसपास थेंब पडले पाहिजेत, मग नळीवरचं ते चाक पुढेमागे करत बसायचं, परत मोजायचं, पेशंटने हात हलवला की परत. वर्षानुवर्षं एका रात्रीत दहा-वीस बाटल्या. तोंडपाठ होतं ते गणित, आपल्याला पाढे असतात तसं. त्यामुळे आजी स्वतःची सलाईन चेक करत असेल आणि मनातल्या मनात तिथल्या सिस्टरला शिव्या घालत असेल, फार फास्ट सोडलंय गं, असंही असू शकतं. नर्स आजारी पडली की सगळ्यात वाईट पेशंट तीच, हे कुठल्याही सिस्टरला विचार. ते ओठ हलवणं भाषणात जरूर घे, मामाला बरं वाटेल, फक्त देवाचं नाव की थेंब हे ठरवू नकोस. दोन्ही सांग आणि सोडून दे. बघ, तिच्या सहकारी तिथेच हसतील, त्यांना लगेच कळेल.

(मामाला आधी सांगून ठेव हां. भर सभेत पहिल्यांदा ऐकलं तर तो दुखावेल, आणि तो पण आई गेलेला मुलगाच आहे.)

फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुझ्या त्या चार डिलीट केलेल्या ड्राफ्टमधल्या एकात तरी होती ना? दिवा घेऊन फिरणारी? नर्सवर काही लिहायचं म्हटलं की ती येतेच. तिच्यावरूनच सांगते मूर्ती केली की काय होतं ते. 1854 च्या नोव्हेंबरमध्ये ती 38 जणींना घेऊन क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोचली. तिचा दिवा चित्रात दाखवतात तसा अल्लादिनच्या दिव्यासारखा नव्हताच, तो घडीचा तुर्की कंदील होता, आत मेणबत्ती. पण ते सोड. तिथे सैनिक जखमांनी कमी आणि रोगांनी जास्त मरत होते, कारण गटारं तुंबलेली, हवा नाही, कपडे धुतलेले नाहीत. 1855 च्या मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या पथकाने गटारं उपसली तेव्हा मृत्यू धाडकन खाली आले. आणि इंग्लंडला परत आल्यावर ही बाई काय करत बसली तर आकडे. कोण कशाने मेलं, महिन्यामहिन्याला, त्याचे रंगीत गोल तक्ते काढून सरकारच्या डोळ्यांपुढे धरले. 1858 ला तिथल्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सभासद झाली. इतकं सगळं करून लोकांनी काय लक्षात ठेवलं, तर दिवा. गटार, लॉन्ड्री, आकडे सगळं गेलं, कारण दिवा दिसायला छान. आणि नंतरची कितीतरी वर्षं ती आजारी, अंथरुणातून काम करायची, भेटायला आलेल्यांना सरळ परत पाठवायची, घरच्यांनासुद्धा. गोड वगैरे अजिबात नव्हती.

म्हणून तुझ्या आजीचं गटार आणि लॉन्ड्री शोध, म्हणजे रोजचं काम शोध. रविवारी ज्या येणार आहेत ना तिच्या बरोबरच्या, त्यातल्या एक-दोघींना आधीच फोन कर. आणि प्लीज, आजी कशी होती असं विचारू नकोस, त्या पण बिचाऱ्या चांगली होती हो म्हणून मोकळ्या होतील. विचार की रात्री तीन वाजता वॉर्डात काय चालायचं. ड्युटी बदलताना ओव्हर देताना आजी काय काय सांगायची, पटापट उरकायची की पेशंटगणिक उभी राहायची. शीर सापडत नसेल तर कोणाला बोलवायचे, तिला बोलवायचे का. तिला काय खपायचं नाही. डॉक्टरशी कधी भांडली होती का. पहिला पेशंट गेला तेव्हा कुठे जाऊन रडली. आणि काचेच्या सिरिंजचं नक्की विचार. 60 वर्षांपूर्वी तिने काम सुरू केलं म्हणजे तिने तो काळ बघितलाय, सिरिंज काचेच्या, सुया त्याच त्या परत वापरायच्या, रोज धुवायच्या, उकळायच्या, आणि सुई बोथट झाली की दगडावर घासून धार लावायची. मग धार लावलेल्या सुईचं टोक कापसातून ओढून बघायचं, कापसाचा एक जरी तंतू अडकला तरी टोकाला बारीक आकडा राहिलाय, परत घास. तो आकडा पेशंटच्या कातडीत अडकतो म्हणून. कोणी आभार मानायला येत नाही त्या कामासाठी, कारण न दुखलेलं इंजेक्शन कोणाच्या लक्षात राहत नाही. आता हे आजीने केलंच असेल असं मी म्हणत नाही, त्यांना विचारून घे, हो म्हणाल्या तर कापूस आणि सुई एवढंच सांग, त्याच्यावर त्याग हा शब्द चिकटवू नकोस.

घरातलं पण आठव. तुझ्या पत्रात नाहीये पण मी पैजेवर सांगते की आजी चादरीच्या बाबतीत विक्षिप्त होती. असायच्याच सगळ्या. सुरकुती चालायची नाही, कोपरे गादीखाली घट्ट दुमडलेले, पोरं उड्या मारून बेड विस्कटायची की ओरडा. आमच्या मावशीकडे आम्ही तिला चादरवाली म्हणायचो, पाठीमागे अर्थात. नंतर कळलं की दिवसेंदिवस एका कुशीवर पडलेल्या माणसाला चादरीची एक घडी पुरते, तिथे कातडी दाबली जाते, लाल होते, फुटते आणि मग ती जखम महिनोन्महिने भरत नाही. म्हणजे ती बाई घरी आल्यावर पण हाताला वॉर्डच लागलेला होता. तुझ्या आजीचं असं काय होतं? हात धुतले का म्हणून मागे लागणं? औषधाची बाटली उजेडाला धरून तीनदा वाचणं? रात्री सगळे झोपल्यावर एक चक्कर मारणं? एक शोध, एकच पुरे. नर्स आणि आजी या दोन वेगळ्या बायका नव्हत्या, तेच हात होते, आणि तुला ते भाषणात समजावून सांगायची गरज पडणार नाही जर तू चादर नीट दाखवलीस तर.

आता वह्या. इथे मी जरा कडक होणार आहे. फोटो काढायचे नाहीत, ग्रुपवर तर नाहीच नाही. ज्यांची नावं त्यात आहेत त्यांनी तुझ्या मामेभावाला परवानगी दिलेली नाही. कोणाचं बाळ गेलं, कोणाला कुठला आजार, कोण कोणाला भेटायला आलं नाही, हे तीस-चाळीस वर्षांनी सुद्धा कोणाच्या तरी घरचं गुपितच असतं, त्यांची पोरंबाळं असतील, ती पण तुमच्याच ओळखीतली निघतील. तू म्हणतेस ना आजी कामाबद्दल बोलायचीच नाही, विषय बदलायची, त्याचं तुला थोडं वाईट वाटतंय असं दिसतंय. अगं ते दूर ठेवणं नव्हतं. नर्सेसची एक शपथ आहे, नाइटिंगेलच्या नावाने ओळखतात पण लिहिली तिने नाही, 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या कमिटीने तयार केली, नंतर बऱ्याच ठिकाणी कॅप घालताना मुलींकडून म्हणून घ्यायला लागले. त्यात साफ आहे की कामात जे कानावर येईल, पेशंटचं खाजगी, त्याच्या घरचं, ते गुप्त ठेवीन. डॉक्टरांच्या जिनिव्हा जाहीरनाम्यात तर पेशंट गेल्यानंतरही असं स्पष्ट लिहिलंय. आजीने ते 36 वर्षं नोकरीत आणि वर 24 वर्षं रिटायर होऊन पाळलं, लाडक्या नातीसमोर सुद्धा तोंड उघडलं नाही. आणि ती गेल्यावर महिन्याभरात आपण ते ग्रुपवर टाकणार? तिने पाहिलं असतं तर मामेभावाचा कान पिळला असता.

वह्या मग काय करायच्या? जाळू नकोस घाईने. नीट गुंडाळून आईकडे दे, तिला वाचायच्या असतील तर वाचेल. तिच्या आईच्या त्या रात्री आहेत त्या, ज्या रात्री ती घरी नव्हती. सभेसाठी त्यातली एखादी अशी ओळ घे की जिच्यात नाव नाही, आजार नाही, कोणाला ओळखता येणार नाही. तू लिहिलंयस मधेच एखादी ओळ असते म्हणून. समजा बारा नंबरला झोप लागली असं काही असेल, तर तेवढंच वाच. एवढ्यात तिची अख्खी रात्र येते. मिळाली नाही अशी ओळ तर नको वाचूस काहीच, वही हातात धरून दाखव आणि सांग की यात काय आहे ते आम्ही सांगणार नाही कारण तिनेही सांगितलं नव्हतं. खरं तर मला हेच जास्त आवडेल.

तर दहा मिनिटांत कसं बसवायचं. मी तुझ्या जागी असते तर सुरुवातीला जन्म कुठे, शिक्षण काय, कधी लागली, कधी रिटायर हे चार वाक्यांत उरकलं असतं, ते सगळ्यांना माहीत असतं. मग सरळ वॉर्ड, सहकारी बायकांकडून मिळालेली एक गोष्ट, जी सुईची असेल किंवा भांडणाची असेल, ती सावकाश, घाई न करता. मग घर, चादर किंवा जे सापडेल ते. मग आईने परवानगी दिली तर ती शू शू ची दुपार, आणि इथे एक वाक्य खणखणीत बोल की मला जी आजी मिळाली तो वेळ तिच्याकडे माझ्या आईच्या लहानपणी नव्हता. एवढंच. माफ कर, समजून घ्या, परिस्थिती तशी होती, असलं काही त्याला जोडू नकोस, आजीच्या वतीने माफी मागायची नाही आणि आईच्या वतीने द्यायची पण नाही. पुढे काही क्षण गप्प राहिलीस तर चालेल, लोक वाट बघतात. आईने परवानगी नाही दिली तर हा भाग पूर्ण गाळ, पण मग ममता हा शब्द पण गाळ, म्हणजे दोन्ही बाजूंनी फिट्टंफाट. मामाला हवं असेल तर तो स्वतः उठून दोन मिनिटं बोलू दे, त्याच्या तोंडी ते शब्द शोभतात, त्याची आई होती ती, आणि ते ऐकून कोणी उठून जाणार नाही कारण तोवर खरं बोलून झालेलं असेल. निदान तुझी आई तरी बसून राहील असं मला वाटतंय.

हात धरण्याचं भाषणात घ्यायचं का? हे मी दोनदा लिहून खोडलं. वाटतं की घ्यावं, इतकं छान बसतंय. पण नको. ते तुमच्या दोघींचं ठेव. सभेत शंभर डोळ्यांसमोर तुझ्या आईला पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदाही ते ऐकायला लावणं मला बरोबर नाही वाटत, टाळ्या मिळतील आणि आईचं काहीतरी उघडं पडेल. पुढच्या वर्षी ती स्वतः कोणाला तरी सांगताना दिसली तर मला कळव, मला आवडेल.

रडू येईल का असं तू विचारलं नाहीस पण येईल. कागद मोठ्या अक्षरात प्रिंट काढ, मोबाईलवरून वाचू नकोस, डोळ्यात पाणी आलं की स्क्रीन दिसत नाही आणि त्यातच कोणाचातरी कॉल येतो. शेजारी एक जण ठेव जी राहिलेलं वाचेल.

आणि एक बारकं, ड्राफ्टमध्ये परिचारिका लिहू नकोस. तिला आयुष्यात त्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. सिस्टर लिही, मागून कोणीतरी ओ सिस्टर म्हटल्यावर जी वळून बघायची, तिच्याबद्दल बोलायचंय तुला.